भोगवट्यानंतरची हिरवळ

गृहप्रकल्प हिरवा आहे की नाही, हे आपल्याकडे तो उभा राहण्याआधीच ठरून जातं. मोकळी जागा किती, झाडं किती, सांडपाण्याचं काय, पावसाचं पाणी कुठे मुरवणार, हे सगळं नकाशा मंजूर करून घेताना कागदावर भरावं लागतं. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे ओसीच्या, वेळी त्यातलं बरंचसं जागेवर दाखवावंही लागतं. त्यानंतर मात्र सहसा कोणी विचारायला येत नाही. सोसायट्यांची कागदपत्रं, सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राची, म्हणजे एसटीपीची, बिलं आणि वार्षिक सभांमधली भांडणं बरीच वर्षं पाहून माझं मत असं झालंय, की आपल्या शहरांत पर्यावरणाच्या नियमांचा तुटवडा नाही, पण ते ओसीच्या दिवशी निवृत्त होतात. घर घेणाऱ्यांनी आणि सोसायटी चालवणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं तर पुढचा बराच मनस्ताप आणि बराच पैसा वाचेल, म्हणून हा लेख.

मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात ती, उघडून पाहा. हरित इमारतीचं मानांकन मिळवणाऱ्या प्रकल्पाला तीत ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) मिळतो. मानांकन वरचं तशी टक्केवारी जास्त, आणि मानांकन हुकलं तर दंडही आहे. कागदावर सौदा चोख दिसतो. पण जादा एफएसआयमधून बांधलेले फ्लॅट विकले जातात आणि इमारत उभी असेपर्यंत राहतात, तर मानांकन एका तारखेचं असतं. दहाव्या वर्षी सोलरचे पाइप गळून बंद पडले आणि शोषखड्ड्यावर फरशी बसली, तरी दिलेला एफएसआय शहर परत कसा घेणार? याउलट पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजलसंधारण करणाऱ्यांना मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. रक्कम लहान आहे. पण ती दर वर्षीच्या बिलात दिसते आणि प्रकल्प बंद पडल्याचं आढळलं तर काढून घेता येते. माझ्या मते धोरण म्हणून ही दुसरी पद्धत पहिलीपेक्षा कितीतरी शहाणी आहे, कारण इमारत वापरात आल्यावरही शहराच्या हातात काहीतरी उरतं. ही सवलत वाढवावी, तपासणी नेमाने करावी आणि एफएसआयची खिरापत आवरावी, असं कोणी म्हटलं तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एसटीपीचं. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि मोठ्या गृहसंकुलांच्या मंजुरीत सांडपाणी शुद्धीकरणाची अट असते. हिशेब करून पाहू. २०० फ्लॅटची सोसायटी धरा, घरटी पाच माणसं. राष्ट्रीय बांधकाम संहितेचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटरचं, त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी. म्हणजे सोसायटीला दिवसाला १ लाख ३५ हजार लिटर पाणी लागतं आणि त्यातलं ४५ हजार लिटर नुसतं फ्लशमधून जातं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे रोजचे साडेचार टँकर झाले. एसटीपी नीट चालला आणि फ्लशची लाइन वेगळी असली तर एवढं ताजं पाणी रोज वाचतं. प्रत्यक्षात काय होतं? एसटीपीतलं खरं काम जिवाणू करतात आणि त्यांना चोवीस तास हवा लागते. ती हवा ब्लोअर देतो. ब्लोअर वीज खातो आणि आवाज करतो. नवा खजिनदार येतो, विजेचं बिल पाहून दचकतो आणि रात्री ब्लोअर बंद ठेवायला सांगतो. (खालच्या मजल्यांवरच्यांची आवाजाची तक्रार असतेच, त्यामुळे टाळ्याही मिळतात.) हवा थांबली की जिवाणू मरू लागतात, टाकीतलं पाणी काळं पडतं आणि तेच पाणी वास घेऊन घराघरांतल्या फ्लशमध्ये पोहोचतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडतात. प्लंबरला बोलावून फ्लशच्या टाकीला बोअरवेलची लाइन तात्पुरती म्हणून जोडली जाते आणि मग ती कायमचीच होऊन बसते. एसटीपीची खोली पुढे भंगार आणि जुन्या सायकली ठेवायला उपयोगी पडते.

सगळा दोष कमिटीच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. संयंत्राची क्षमता पूर्ण भरलेल्या इमारतीची धरलेली असते आणि पहिली दोन-तीन वर्षं निम्मी घरं रिकामी असतात. पुरेसं सांडपाणीच येत नाही, त्यामुळे यंत्रणा सुरुवातीपासूनच अर्धपोटी चालते. ती निवडली बिल्डरने, मंजूर केली सरकारी समितीने आणि चालवायची मात्र ज्यांनी आयुष्यात ब्लोअर पाहिलेला नाही अशा बँकेतल्या, शाळेतल्या माणसांनी. म्हणून ओसीनंतर किमान पाच वर्षं ही यंत्रणा चालवण्याची जबाबदारी विकसकावर आणि त्यासाठीची ठेव महापालिकेकडे, अशी अट असायला हवी असं मी म्हणतो. रेरा कायद्याच्या कलम १४(३) मध्ये याचं बीज आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष निदर्शनास आणला, तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. भिंतीला ओल आली की लोक या कलमाची आठवण काढतात. एसटीपीसाठी ते वापरणारी सोसायटी क्वचितच भेटते.

पावसाच्या पाण्याबाबत उलट्या दिशेची फसगत होते. छतावरचं पाणी साठवलं की टँकर बंद, असं सांगणारे पुष्कळ आहेत. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या २०० फ्लॅटच्या सोसायटीची गच्ची १,५०० चौरस मीटर धरली आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तर हाती येतं सुमारे ८ लाख ४० हजार लिटर, म्हणजे सोसायटीची सहा दिवसांची गरज. तेही सगळं साठवायला टाकी असली तर. उंच इमारतीला माणसं जास्त आणि गच्ची लहान, त्याला इलाज नाही. म्हणून खरा प्रश्न गच्चीचा नाही, प्लॉटवरच्या उघड्या मातीचा आहे. त्या मातीत मुरलेलं पाणी बोअरवेलला आधार देतं आणि न मुरलेलं रस्त्यावर, नाल्यात, खालच्या वस्तीत जातं.

आणि ही उघडी मातीच आपण सगळ्यात सहज घालवली. नियम मोकळ्या जागेची टक्केवारी सांगतो, पण ती जागा कशावर आहे याकडे पुरेसं लक्ष देत नाही. तळघरातलं पार्किंग प्लॉटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ पोहोचतं. त्याच्या स्लॅबवर दोन-तीन फूट माती टाकून लॉन केलं, की बाग झाली. त्या मातीत लावलेलं कडुनिंबाचं रोप पाच-सात वर्षांत मुळं पसरतं, वॉटरप्रूफिंगला भेगा पडतात, खालच्या गाडीच्या टपावर पाणी ठिबकू लागतं आणि सभेत एकमताने झाड काढायचा ठराव होतो. त्या जागी कुंड्यांतले पाम येतात. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या एका प्रकल्पाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की नियमाने सोडायची किमान करमणुकीची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नको. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्याबरोबर आलेल्या नियमावलीत तिचा काही हिस्सा पोडियमवर नेण्याची वाट पुन्हा उघडली. अशा वेळी दादर-माटुंग्याकडे पाहावं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने तिथे जमीन आखून भाडेपट्ट्याने दिली, उंचीला मर्यादा घातल्या, बागा रस्त्यांबरोबरच आखल्या. शतक उलटलं तरी तिथली सावली टिकून आहे, कारण झाडांच्या पायाखाली जमीन आहे.

उघडी माती आणि वाहता ओढा यांचं नातं पुण्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री फार महागात कळलं. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, सीमाभिंती कोसळल्या आणि वीसहून अधिक माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत ते घरांत शिरलं. नदीच्या पूररेषा दोन असतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषा नदीकाठच्या प्रत्येक ग्राहकाने विकास आराखड्यावर स्वतः पाहाव्यात. ओढ्यांच्या बाबतीत तर जुना गावनकाशाच बघावा, कारण नव्या नकाशात ओढ्याचा पुष्कळदा नाला होतो आणि नाल्याचं बंदिस्त गटार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: असले नियम वाढवले की घरं महागतात. थोडी महागतात, हे मान्य. पण घराची किंमत मुख्यतः जमीन, प्रीमियम आणि बाजार ठरवतात. फ्लशची वेगळी लाइन बांधकामाबरोबरच टाकली तर तिचा खर्च त्यात कुठेच दिसत नाही. न टाकता राहिलेल्या लाइनचा खर्च मात्र टँकरच्या रूपाने दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येतो आणि तो कर्जाच्या हप्त्यासारखा संपतही नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शहर दाट असणंच पर्यावरणाला बरं, मोकळ्या जागांचा आग्रह धरला तर शहर पसरत जाऊन शेतजमिनी गिळेल. मला हे पटतं. उंच बांधा, जरूर बांधा, पण उंच बांधण्याचं समर्थन जमीन मोकळी राहते एवढ्याच मुद्द्यावर उभं आहे आणि ती जमीन तळघराने व्यापली तर समर्थन उरत नाही. इथे खरा अडसर सक्तीच्या पार्किंगचा आहे. मेट्रोच्या जवळच्या इमारतींना ते कमी केलं, तर उंचीही मिळेल आणि मातीही राहील. ग्राहक गाडीला जागा मागतात हे खरं, पण जागेची किंमत फ्लॅटपासून वेगळी करून सांगितली की मागणी किती उरते तेही एकदा पाहावं.

तिसरा आक्षेप जमीनमालकांचा आणि तो सगळ्यात न्याय्य. पुण्यात १९९७ ला हद्दीत आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर, हजार हेक्टरच्या आसपास जमिनीवर, जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. राज्य सरकारने ते २०१५ मध्ये मंजूर केलं आणि मोबदला ठरला ८ टक्के टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काचा. मालकांना तो तुटपुंजा वाटला, जमीन ताब्यात घेण्याचं काम रखडलं आणि आरक्षित टेकड्यांच्या पायथ्याशी बेकायदा घरं चढत राहिली. १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं, की आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण जातं. फुकटात हिरवळ मिळवण्याचा हव्यास असा अंगाशी येतो. याला नगररचना परियोजनेचा चांगला पर्याय आहे आणि मुंबई प्रांताने त्यासाठी १९१५ मध्येच कायदा केला होता. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते-बागा काढायच्या आणि उरलेले अंतिम भूखंड मालकांना परत द्यायचे. झळ सगळ्यांत वाटली जाते, एकाच्याच सातबाऱ्यावर आरक्षण पडत नाही. मगरपट्ट्यात शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी स्वतः कंपनी काढून चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र विकसित केली, ती वाट वेगळी असली तरी तत्त्व तेच.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घर घेणाऱ्याने माहितीपत्रकातलं चित्र बाजूला ठेवून महारेराच्या संकेतस्थळावरचा मंजूर नकाशा काढावा, मोकळी जागा जमिनीवर आहे की स्लॅबवर हे आर्किटेक्टकडून समजून घ्यावं आणि तळघराची कड कुठपर्यंत येते ते पाहावं. बिल्डरने पुढे आराखड्यात बदल सुचवला तर रेरानुसार दोन तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती लागते. कोऱ्या संमतीपत्रावर ताब्याच्या घाईत सही करू नका. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी असेल तर अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. तो मागून घ्या, कारण किती झाडांचं आणि किती पाण्याचं आश्वासन दिलं होतं ते त्यात आकड्यांत असतं. कमिटीने इमारत ताब्यात घेताना एसटीपी महिनाभर आपल्यासमोर चालवून घ्यावा आणि बाहेर पडणारं पाणी स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासावं. ब्लोअरचं बिल तेव्हाच सभेपुढे ठेवलं म्हणजे पुढचा खजिनदार दचकणार नाही.

आणि अभिहस्तांतरण लांबवू नका. जमीन बिल्डरच्या नावावर असेपर्यंत, उद्या वाढणाऱ्या एफएसआयवर आणि तुमच्या बागेवर त्याचीही नजर असते. तो करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्जाला मंजूर नकाशा जोडून मोकळ्या जागेचं क्षेत्रफळ आदेशात चौरस मीटरमध्ये लिहून येईल याची खात्री करा. नुसता इमारतीखालचा तुकडा नावावर झाला, तर बाग कुंपणाच्या आत दिसते, पण मालकीच्या बाहेर राहते.