मधमाशीही पशुधनच

शिरूर कासार तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हटलं की बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे येतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हा भाग. कारखान्यावर निघण्याआधी बैलजोडी दवाखान्यात दाखवून घेणारी माणसं इथे गावोगाव आहेत. मधमाशी मात्र कुणाच्याच रजिस्टरात नसते. मी परभणीला शिकत होतो तेव्हा मधमाशी कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्राकडे होती, आमच्या वर्गात ती आलीच नाही. पुढे सिंदफणेच्या काठची कांद्याचं बी धरणारी मंडळी, डाळिंबवाले आणि पेट्या ठेवणारी तरुण पोरं यांनी मला या जिवाकडे वळवलं. शास्त्र मी कीटकशास्त्रज्ञांकडून घेतलं आणि त्याला पशुवैद्यकाच्या सवयी जोडल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१. पेटी हेच एक जनावर

गोठ्यात आपण एकेक गाय तपासतो. पेटीत एकेक माशी तपासून काही कळत नाही. हंगामात कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते आणि तिची जागा नवी घेते. राणी भराच्या दिवसांत रोज हजार-दीड हजार अंडी घालते, अंड्यापासून २१ दिवसांत कामकरी बाहेर पडते. बाहेर थंडी असो की ऊन, पिलाव्याच्या, म्हणजे अंडी-अळ्या-कोषांच्या, भागाचं तापमान माश्या ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात. म्हणून मी सगळ्या वसाहतीची प्रकृती पाहतो. पिलावा सलग आहे का, तो झाकण्यापुरत्या माश्या आहेत का, ताजी अंडी दिसतात का? दारात चार माश्या मेलेल्या दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. पिलावा विखुरलेला, मध्येच रिकाम्या घरांचा दिसला, की लक्ष घालायला हवं.

२. झाकण काढण्याआधी विचारपूस

मुकं जनावर बोलत नाही, त्याचा मालक बोलतो. पेटीलाही हेच लागू. पेटी कुठून आणली, राणी किती जुनी, शेवटचा मध कधी काढला, आसपास काय फुललंय, या आठवड्यात कुणाच्या रानात फवारा झाला? एवढ्या प्रश्नांत निम्मं निदान होतं. मग दारासमोर न बसता बाजूला उभं राहून येणं-जाणं पाहायचं. पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत शिरत असतील तर बहुधा आत पिलावा वाढतो आहे. दारात माश्या थरथरत असतील, जागच्या जागी गरगरत असतील, मेलेल्यांच्या सोंडा बाहेर आलेल्या असतील, तर आधी विषबाधेचा संशय घ्यायचा.

३. काडेपेटी जवळ हवीच

निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी आणि घराच्या तळाशी कोयरीसारखी वळून पडलेली असते. बंद घरांची झाकणं किंचित फुगीर आणि कोरडी असतात. झाकणं खचलेली, काळपट, मध्ये भोक पडलेली दिसली, की काडेपेटीतली काडी घ्यायची, त्या घरात घालून हलकेच फिरवायची आणि सावकाश बाहेर ओढायची. मेलेल्या अळीचा तपकिरी चिकट धागा दोन-तीन सेंटिमीटर ताणला गेला, तर तो अमेरिकन फाउलब्रूड असण्याची दाट शक्यता.

धागा येत नाही, अळ्या झाकण बसण्याआधीच मेल्यात, पिवळट, वेड्यावाकड्या पडल्यात, आंबूस वास येतोय, तर युरोपियन फाउलब्रूड. अळी घरात लांब पसरून डोकं वर करून मेली आहे, आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते, तर सॅकब्रूड, म्हणजे थैली रोग. पहिले दोन जिवाणूंचे, तिसरा विषाणूचा.

ही परदेशी नावं ऐकून हे आपल्याकडचं नाही असं समजू नका. आपल्या सातेरी माशीतल्या युरोपियन फाउलब्रूडची नोंद शास्त्रज्ञांनी १९७१ साली महाबळेश्वरहूनच केली. थैली रोगाच्या थाई प्रकाराने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेतल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती बसवल्या. रोग वेळीच ओळखू येणं किती महत्त्वाचं, हे त्या काळातल्या पाळणाऱ्यांना विचारावं.

नमुना पाठवायचा तर रोगट पिलाव्याचा दोन-दोन इंचांचा तुकडा कापून कागदात गुंडाळावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजतो, कुजतो आणि तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

४. निदानाआधी औषध नको

पेटी आजारी दिसली की साखरेच्या पाकात टेट्रासायक्लिन कालवून देणारे मला भेटत आले आहेत. थैली रोग विषाणूचा, त्यावर प्रतिजैविक चालत नाही. तिथे राणी बदलणं, काही दिवस पिलावा थांबवणं आणि वसाहत सशक्त ठेवणं हाच इलाज. अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू औषधाने मरत नाहीत, नुसती लक्षणं दबतात. ते बीजाणू ३५ वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. अशा पेटीतली पोळी आणि चौकटी जाळून टाकणं जिवावर येतं, पण शेजारच्या पेट्या त्यानेच वाचतात.

शिवाय औषधाचा अंश मधात उतरतो. प्रतिजैविकांचे अंश आणि ते रोखण्याची देखरेख, या मुद्द्यावर युरोपीय संघाने २०१० साली भारतीय मधाची आयात थांबवली होती. गाईला इंजेक्शन दिल्यावर तिचं दूध काही दिवस डेअरीला घालू नका, असं आम्ही बजावतो. मधालाही तोच नियम हवा. अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून मधमाश्यांना मानवी उपचारातली महत्त्वाची प्रतिजैविकं द्यायची तर पशुवैद्यकाची लेखी परवानगी लागते. त्या नियमामुळे तिकडच्या पशुवैद्यकांना मधमाशी शिकावी लागली. आपण नियमाची वाट न पाहता शिकावं.

५. गोचीड मोजल्याशिवाय कळत नाही

जनावराच्या कानामागचा गोचीड इथल्या पोराबाळांनाही दिसतो. मधमाशीवरचा कोळी मात्र सहज दिसत नाही. व्हरोआ हा मूळचा आशियातल्या सातेरीवरचा. १९०४ साली जावा बेटावरच्या माश्यांवरून त्याचं पहिलं वर्णन झालं. पेट्यांतल्या परदेशी मेलिफेरा माशीचं जगभर नुकसान करणारी व्हरोआची जात वेगळी आहे, हे २००० साली ठरलं. दुसरा ट्रॉपिलेलॅप्स, आपल्या आग्या माशीवरून मेलिफेराच्या पेटीत येणारा. तो आकाराने बारीक आणि पळायला चपळ.

मोजायची रीत सोपी आहे. राणी बाजूला ठेवून पिलाव्याच्या चौकटीवरच्या अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या जाळीचं झाकण असलेल्या बरणीत घ्यायच्या. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी घोळवायची, थोडं थांबून साखर पांढऱ्या ताटात झाडायची आणि वर पाणी शिंपडायचं. साखर विरघळते आणि व्हरोआचे तांबूस ठिपके ताटात मोजता येतात. माश्या जिवंत परत पेटीत जातात.

ट्रॉपिलेलॅप्सला पूर्ण वाढलेल्या माशीवर पोट भरता येत नाही. पिलावा नसेल तर तो थोड्याच दिवसांत मरतो. म्हणून राणीला सुमारे तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलावा थांबवणं हा बिनऔषधाचा चांगला उपाय. फॉर्मिक ॲसिडची वाफ दोन्हींवर चालते, पण पारा तिशीच्या वर गेला की तीच वाफ राणीचा जीव घेऊ शकते. आपल्याकडे ते थंडीतच वापरावं, हातमोजे आणि चष्मा घालून.

६. आमच्याकडचा मोठा आजार म्हणजे भूक आणि तहान

शिरूर कासारात रोगजंतूंच्या आधी मी शिवार पाहतो. पावसाळ्यात बाजरीचा पराग, सूर्यफूल, हिवर, बोर. थंडी सुरू होताना तूर. मग करडई आणि कांद्याचे डोंगळे. शेवटी लिंब आणि करंज. त्यानंतर उन्हाळ्याची टोकाची ओढ आणि पावसाळ्याच्या तोंडचे फुलांविना दिवस. या काळात पेटी हलकी होते, माश्या पिलावा आवरतात आणि कमकुवत वसाहतीत मेणकिडा शिरतो. पोळ्यात जाळी-जाळी दिसली की लोक मेणकिड्याला दोष देतात. मुळात त्याला वाट करून दिली ती उपासमारीने.

उपाय आपल्या हातातले आहेत. सगळा मध काढून घेऊ नका. ओढीच्या दिवसांत साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्या. बाहेर सांडला तर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूटमार सुरू होते. गूळ, काकवी स्वस्त पडते म्हणून देऊ नका, माश्यांना हगवण लागते. बाजारचा मध तर अजिबात नको, त्यातून फाउलब्रूडचे बीजाणू येऊ शकतात.

पाणी त्याहून मोठी गोष्ट. उन्हाळ्यात माश्या पाणी आणून, पंख हलवून पेटी थंड ठेवतात. पाणी नसेल तर मऊ पडलेली पोळी पिलाव्यासकट खाली गळतात. पेटी लिंबाच्या सावलीला ठेवा, वर ओलं गोणपाट टाका, जवळ पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवा. खडे नसले तर माश्या बुडतात. टँकरच्या गावातही एवढं पाणी निघतं. आणि बांधावरचा हिवर, बोर, करंज तोडू नका. हीच झाडं पेटीचा चारा आहेत.

७. फवारणी बंद होत नाही, तिची वेळ बदलता येते

कपाशीवर मावा-तुडतुडे, कांद्यावर फुलकिडे. शेतकऱ्याला फवारल्याशिवाय चालत नाही, हे मी समजतो. पण कांद्याच्या बियाण्याचं गणित त्याच्याबरोबर बसून मांडलं की तो ऐकतो. कांद्याच्या प्रत्येक फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर न्यायला माशी लागतेच. फुलोऱ्यात सकाळी फवारलेलं कीटकनाशक त्याच्याच बियाण्याच्या मुळावर येतं. डोंगळे उमलण्याआधी काय ते फवारून घ्या. फुलोऱ्यात टाळता आलंच नाही तर दिवस मावळताना, माश्या परतल्यावर, लेबल वाचून. शेजारच्या पेटीवाल्याला आदल्या दिवशी निरोप द्या. माशी दोन-तीन किलोमीटर सहज फिरते. म्हणून हा निरोप बांधापुरता ठेवून भागत नाही, तो गावाच्या ग्रुपवर टाकावा लागतो.

८. बाहेरून आलेली पेटी वेगळी ठेवा

बाजारातून आणलेली शेळी लगेच कळपात सोडू नये, हे सगळे जाणतात. बियाण्याच्या हंगामात परजिल्ह्यातून पेट्या येतात, तेव्हा मात्र हे कुणाला आठवत नाही. आलेल्या पेट्या काही दिवस आपल्या पेट्यांपासून लांब ठेवा, पिलावा तपासा, चौकटींची अदलाबदल करू नका, हत्यार ज्योतीवर धरून मगच दुसऱ्या पेटीला लावा. २०२२ मध्ये पश्चिम बंगालात पोळ्यातला लहान भुंगेरा हा आफ्रिकेतला कीटक सापडला. पेट्या ट्रकमधून राज्याराज्यांत फिरतात, तेव्हा असले पाहुणेही फिरतात.

९. आग्यालाही वाचवायचं आहे

दवाखान्यात मधमाशीची पहिली गाठ बहुधा आग्यामुळे पडते. झाडाखाली बांधलेलं जनावर पोळं उठल्यावर सापडतं. अशा वेळी अंग झाकून घेतलेल्या माणसाने आधी दावं कापावं आणि जनावर लांब न्यावं. काटे चिमटीत न धरता नखाने किंवा बोथट कडेने खरवडून काढावेत. तुटलेल्या काट्याची पिशवी विष आत ढकलत राहते आणि तिच्या वासाने आणखी माश्या धावून येतात. डॉक्टरला लगेच बोलवावं.

पण दुसऱ्या दिवशी टेंभा घेऊन पोळं जाळायला जाऊ नये. आपल्या कांद्यावर राबणाऱ्या माश्यांत आग्याचा वाटा मोठा आहे. वर्ध्यात डॉ. गोपाल पालिवाल यांनी आग्या न मारता, पिलावा शाबूत ठेवून मध काढायची पद्धत अनेकांना शिकवली. ती आपल्या बालाघाटाच्या डोंगरकडांवरही चालेल. हंगामात त्या झाडाखाली जनावर न बांधणं, एवढी काळजी आपली.

१०. कायद्याने मधमाशी डॉक्टरच्या दारात आणली आहे

२०२२ साली जनावरांत लंपी त्वचारोगाची साथ पसरली, जनावरांचे बाजार बंद झाले, ते प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या आधाराने. त्याच कायद्याच्या व्याख्येत प्राणी म्हणून मधमाशी आहे. अमेरिकन आणि युरोपियन फाउलब्रूड, व्हरोआ, ट्रॉपिलेलॅप्स आणि श्वासनलिकेतला कोळी हे पाच रोग त्याच्या अनुसूचीत आहेत. अशा रोगाचा संशय आला तर मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायचं आणि तिथून ते पशुवैद्यकापर्यंत जायचं, अशी वाट कायद्याने आखून दिलेली आहे. ती वाट वापरात नाही, कारण पेटीवाल्याला ती माहीत नाही आणि डॉक्टरला कुणी बोलावत नाही.

माझं मागणं थोडकंच आहे. प्रत्येक जनावरांच्या दवाखान्यात काडेपेटी, जाळीची बरणी, पांढरं ताट आणि मधमाश्यांसाठी रजिस्टरचं एक पान असावं. अडलं तर परभणीच्या कीटकशास्त्र विभागाला किंवा १९६२ पासून हेच काम करणाऱ्या पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेला विचारावं. डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी एका पेटीवर वाकून पाहिलं की दोघांनाही नवं काही शिकायला मिळतं, हा माझा अनुभव आहे. आणि पेटीवाल्यांनो, पुढच्या वेळी मेलेल्या अळ्या दिसल्या तर औषधाचं दुकान गाठू नका. पोळ्याचा तुकडा कागदात गुंडाळा, ग्रामपंचायतीत सांगा आणि हक्काने दवाखान्यात या.