प्रॉमची रात्र आणि भाड्याची मोटार

अमेरिकेतील माध्यमिक शाळांमध्ये शेवटच्या वर्षाची सांगता ज्या औपचारिक नृत्यसमारंभाने होते, त्यास 'प्रॉम' असे म्हणतात. 'प्रॉमेनाड' या शब्दाचे हे संक्षिप्त रूप असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाविद्यालयांत रुजलेली ही प्रथा पुढे शाळांनी उचलली. साधारणपणे एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंत हा हंगाम चालतो. न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या गावांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही आता ही संध्याकाळ घरची झाली आहे. पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांना दूरध्वनीवरून पोशाखाची हकीकत कळते, छायाचित्रे पोहोचतात. मात्र त्या रात्री दहा-बारा मित्रमैत्रिणी मिळून सचालक मोटार भाड्याने घेतात, त्या व्यवहाराची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः अनेक मुलांच्या आयुष्यातील तो पहिलाच मोठा करार असतो.

मोटार भाड्याने का घ्यावी लागते, याचे उत्तर केवळ हौस असे नाही. न्यू जर्सी राज्यात सतराव्या वर्षी मिळणारा वाहनपरवाना परिवीक्षाधीन असतो. एकवीस वर्षांखालील अशा परवानाधारकास रात्री ११ वाजून १ मिनिटापासून पहाटे ५ वाजेपर्यंत मोटार चालविण्यास मनाई आहे आणि पालक सोबत नसल्यास, घरची अवलंबून असलेली माणसे वगळता, एकाहून अधिक प्रवासी नेता येत नाही. समारंभ अकराच्या सुमारास संपला, तर स्वतःची मोटार घेऊन गेलेला विद्यार्थी परतीच्या वाटेवर कायदा मोडतो. चार मित्र बरोबर असल्यास तो जातानाही मोडतोच. शिवाय अमेरिकेत मद्यपानाचे किमान वय एकवीस असले, तरी अशा रात्री मद्याचा मोह कुठूनतरी शिरतो, हे पालकांना ठाऊक असते. व्यावसायिक चालकाच्या हाती मुले सोपवावीत, हा विचार म्हणूनच रास्त आहे. तो पुरेसा मात्र नाही.

आधी पैशाचे पाहू. भाडे ताशी सांगितले जाते आणि हंगामात किमान तासांची अट असते. उदाहरणादाखल, ताशी १५० डॉलर दराने सहा तासांचे ९०० डॉलर होतात. दहा जणांत प्रत्येकी ९० डॉलर, असा हिशेब मुले घरी सांगतात. करारपत्राच्या तळाशी चालकाची वीस टक्के बक्षिशी आणि पाच टक्के इंधन अधिभार आकारण्याचे कलम असल्यास रक्कम ११२५ डॉलरवर जाते. 'गॅरेजपासून गॅरेजपर्यंत' आकारणी असेल, तर मोटार आगारातून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंतचा काळ मोजला जातो; येता-जाता अर्धा-अर्धा तास धरला, तरी सातवा तास वाढून अधिभारांसह १३१२ डॉलर ५० सेंट होतात. आता दहांपैकी दोघांनी ऐनवेळी अंग काढून घेतले, असे समजा. मोटारीचे भाडे माणशी नसून संपूर्ण वाहनाचे असल्याने उरलेल्या आठ जणांवर प्रत्येकी सुमारे १६४ डॉलर पडतात. नव्वदाचे एकशे चौसष्ट झाले, यात कोणी फसविले असे म्हणता येत नाही. सर्व काही कागदावर होते, वाचलेले नव्हते इतकेच. सबब, वर्गणी आरंभीच गोळा करावी आणि माघार घेणाऱ्याचा वाटा परत मिळणार नाही, हे मित्रमंडळात आधीच स्पष्ट करावे. पैशापायी शाळकरी मैत्रीत कायमची अढी पडल्याची उदाहरणे दोन्ही देशांत आहेत.

करारावर स्वाक्षरी कोणाची, हाही प्रश्न आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर करार सहसा बंधनकारक ठरत नाही. म्हणून कंपनी पालकाची स्वाक्षरी मागते. जो पालक स्वाक्षरी करतो, तो केवळ आपल्या पाल्यासाठी नव्हे, तर मोटारीतील सर्वांसाठी उत्तरदायी ठरू शकतो. आसन फाटले, गालिच्यावर कोणी ओकले, तर साफसफाईचे शुल्क त्याच्याच कार्डावर पडते. अशा वेळी सर्व पालकांनी आपसांत एक साधे लेखी टिपण करून ठेवणे उपयुक्त ठरते.

इसार रोखीने न देता क्रेडिट कार्डाने द्यावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो व तो योग्यच आहे. अमेरिकेच्या १९७४ च्या पतदेयक कायद्यानुसार ठरल्याप्रमाणे न मिळालेल्या सेवेच्या आकारणीवर कार्डधारकास लेखी हरकत घेता येते. मात्र येथे एक खाचखळगा आहे. ही हरकत ज्या देयकात ती आकारणी प्रथम दिसली, ते पाठविल्यापासून साठ दिवसांत पोहोचावी लागते. जानेवारीत संपूर्ण भाडे भरले आणि मे महिन्याच्या रात्री मोटारच आली नाही, तर कायद्यातील मुदत केव्हाच उलटलेली असते. कार्ड-योजनांचे स्वतःचे नियम काही वेळा यापेक्षा उदार असतात, परंतु त्यांवर विसंबून राहण्यापेक्षा आरंभी अल्प इसार देऊन उरलेली रक्कम समारंभाच्या निकट भरण्याची अट करारात घालून घेणे शहाणपणाचे. करारात 'लिमोझिन' एवढेच न लिहिता वाहनाचे वर्ष, बनावट व आसनसंख्या नोंदवावी आणि ती मोटार ऐनवेळी बिघडल्यास बदली वाहन कोणते मिळेल, हेही लिहून घ्यावे.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व पैशापुरते नाही. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील स्कोहारी येथे मित्र व नातलगांचा एक समूह वाढदिवसाच्या सहलीला निघाला होता. मद्यपानानंतर कोणी मोटार चालवू नये, याच उद्देशाने त्यांनी सचालक वाहन घेतले होते. ते वाहन म्हणजे मधोमध कापून लांब केलेली २००१ सालची फोर्ड एक्सकर्शन. उतारावर तिचे ब्रेक निकामी झाले. सतराही प्रवासी, चालक आणि रस्त्यालगतचे दोन पादचारी, असे वीस जण मृत्युमुखी पडले. महिन्याभरापूर्वीच्या तपासणीत ते वाहन रस्त्यावर चालविण्यास अयोग्य ठरविले गेले होते आणि चालकाकडे त्यासाठी आवश्यक परवाना नव्हता, असे पुढे उघड झाले. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने मालकाच्या बेपर्वाईवर व राज्याच्या ढिल्या देखरेखीवर ठपका ठेवला. आसने व आसनपट्ट्यांची अपुरी व्यवस्थाही निदर्शनास आणली. न्यूयॉर्क राज्याने २०२० मध्ये अशा वाहनांत आसनपट्टे सक्तीचे केले. त्या मंडळींनी विचारपूर्वक सुरक्षित पर्याय निवडला होता. जे तपासायचे राहिले, ते तपासणे अवघड नव्हते.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रवासी नेणाऱ्या व्यावसायिकास संघराज्याच्या परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. समारंभानंतर एडिसनहून न्यूयॉर्क नगरीत फेरफटका मारण्याचा बेत असेल, तर ही अट लागू होते. त्या क्रमांकावरून कंपनीच्या तपासण्या व अपघात यांची नोंद संबंधित प्रशासनाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येते. आंतरराज्य वाहतुकीत पंधरापर्यंत आसनांच्या वाहनास किमान १५ लाख डॉलरचे व त्याहून मोठ्या वाहनास ५० लाख डॉलरचे दायित्व विमापत्र आवश्यक आहे. विमा प्रमाणपत्राची प्रत मागण्यात संकोच बाळगू नये. प्रामाणिक व्यावसायिक ती आनंदाने देतो. मद्याबाबत कॅलिफोर्नियाचा नियम विशेष उल्लेखनीय आहे. वाहनात मद्य व एकवीस वर्षांखालील प्रवासी एकत्र असणार असतील, तर किमान पंचवीस वर्षांची जबाबदार व्यक्ती सोबत असणे तेथे बंधनकारक आहे. ब्रिटनमधील शाळांतही आता प्रॉम रुळले असून तेथे आठ प्रवाशांपर्यंतच्या मोटारीस स्थानिक प्राधिकरणाचा, तर त्याहून मोठ्या वाहनास सार्वजनिक सेवावाहनाचा परवाना लागतो. नवव्या प्रवाशास दाटीवाटीने बसविण्याचा आग्रह तेथे केवळ गैरसोयीचा राहत नाही.

भारतात प्रॉम नसला, तरी बारावीच्या निरोपसमारंभासाठी मुलांनी मोटार ठरविण्याची चाल महानगरांतून दिसू लागली आहे. येथील व्यवहार निराळा आणि तरीही ओळखीचा. 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' असा ठोक दर, त्यापुढील तास व किलोमीटर यांची वेगळी आकारणी, पथकर, वाहनतळ शुल्क, चालकाचा रात्रभत्ता आणि येथेही गॅरेजपासून गॅरेजपर्यंतची मोजणी. पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे क्रमांकाची पाटी. प्रवासी भाड्याने नेणाऱ्या मोटारीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. विजेवर चालणारी असल्यास हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार 'ओळखीत स्वस्तात' मिळते खरी, पण ती परवान्याविना भाड्याने देणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ चा भंग आहे आणि अपघात घडल्यास विमा कंपनीस अटींच्या उल्लंघनाचा मुद्दा उपस्थित करण्यास वाव मिळतो. विवाहसमारंभांत मिरविणाऱ्या लांबविलेल्या मोटारींविषयीही सावध असावे. नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. मोटारीचा विमा व योग्यता प्रमाणपत्र यांची मुदत शासनाच्या 'एमपरिवहन' या भ्रमणध्वनी सुविधेवर वाहनक्रमांक घालून दोन मिनिटांत पडताळता येते. भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक असल्याने येथेही आरक्षण पालकाच्याच नावे असावे.

उरते ती रात्र. चालकाचे नाव, भ्रमणध्वनी व वाहनक्रमांक किमान दोन घरांत लिहून ठेवावा. शेवटच्या मुलास घरी सोडल्यावरच काम संपले असे मानावे, हे चालकास आधी सांगावे, कारण वाटेत एखाद्यास मित्राच्या घरी उतरविण्याचे ठराव ऐनवेळीच होतात. आणि चालक दुपारपासून दुसऱ्या फेरीवर नव्हता ना, हे कंपनीस विचारावे. हंगामात एकाच चालकास सलग दोन समारंभ दिले जातात, आणि मध्यरात्री दीड वाजता चाकामागे बसलेला तो माणूस सकाळी किती वाजता उठला होता, हे करारपत्रात कोठेच लिहिलेले नसते.