घरी हवा भरण्याचा कॉम्प्रेसर : टायरच्या मापाने निवड

म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, कोडगूच्या सीमेलगत वसलेला पिरियापट्टण तालुका तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. मे-जूनमध्ये वळवाच्या व मोसमी पावसाच्या ओलीवर येथील तांबड्या, रेताड पोयट्याच्या जमिनीत व्हर्जिनिया तंबाखूची रोपे लावली जातात. पुढे पानांची तोडणी, भट्टीतील भाजणी आणि अखेरीस तंबाखू मंडळाच्या लिलाव केंद्राकडे गासड्यांची वाहतूक असा क्रम चालतो. या हंगामात घरच्या ट्रॅक्टरला दोन अगदी भिन्न कामे करावी लागतात. प्रथम ओलसर, भुसभुशीत रानात मशागत करायची आणि नंतर भट्टीची लाकडे किंवा तंबाखूच्या गासड्या भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्याने ओढायची. आपल्याकडील निपाणी-कागल परिसरात तंबाखू व ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची स्थितीही याहून फार वेगळी नाही.

या दोन कामांसाठी टायरमध्ये हवेचा दाब सारखा असून चालत नाही. तरीही बहुसंख्य ट्रॅक्टरांत वर्षभर एकच दाब राहतो, कारण हवा भरण्याची सोय गावाच्या नाक्यावर असते. घरी कॉम्प्रेसर असल्यास नाक्यापर्यंतची फेरी वाचतेच. त्याचा खरा लाभ मात्र असा की, कामानुसार दाब बदलणे शक्य होते. यंत्राची निवड करताना हाच हेतू डोळ्यांसमोर असावा.

दाब का बदलावा?

टायरमध्ये हवेचा जितका दाब असतो, साधारणतः तितकाच किंवा त्याहून थोडा अधिक दाब ते टायर जमिनीच्या पृष्ठभागावर देते. रस्त्यासाठी भरलेली घट्ट हवा तशीच ठेवून ट्रॅक्टर ओल्या रानात नेला की मातीचे कण आवळले जातात, पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही आणि मुळांची वाढ खुंटते. तांबडी रेताड जमीन सुकल्यावर दगडासारखी कठीण होते. काळ्या जमिनीत चाकाच्या पट्ट्यात पाणी साचून राहते. दाब कमी केला म्हणजे टायर पसरते, ओझे अधिक क्षेत्रावर विभागले जाते आणि चाकाची घसरण घटल्याने डिझेलचीही बचत होते. मात्र खोलवरची माती आवळली जाणे हे मुख्यतः धुरीवरील एकूण वजनावर अवलंबून असते. म्हणून हवा कमी केली तरी चिखलात ट्रॅक्टर घालू नयेच.

याउलट कमी हवेवर भरलेली ट्रॉली रस्त्याने ओढल्यास टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात, नक्षी असमान झिजते आणि टायर फुटण्याचा धोका वाढतो. शेतातही हवा मर्यादेपेक्षा कमी असल्यास टायर रिमवर सरकते व ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. म्हणून ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ओझ्यानुसार दिलेला किमान दाब पाळावा. मागील टायरसाठी शेतात 12 ते 15 पाउंड आणि रस्त्यावर त्याहून काही पाउंड अधिक, असा सर्वसाधारण पल्ला असतो. येथे पाउंड म्हणजे प्रति चौरस इंच पाउंड. पुढच्या चाकांना व ट्रॉलीच्या टायरना याहून बराच जास्त दाब लागतो.

पाटीवरील कमाल दाब पाहून फसू नये

दुकानात यंत्राच्या पाटीवर 120 किंवा 150 पाउंड असा आकडा ठळकपणे लिहिलेला असतो. तो दाब यंत्र किती उंचीपर्यंत नेऊ शकते एवढेच सांगतो. त्यास किती वेळ लागेल हे सांगत नाही. शेतकऱ्याला हवा आहे तो दुसरा आकडा, म्हणजे यंत्र दर मिनिटास प्रत्यक्ष किती लिटर हवा बाहेर देते. तो घनफूट प्रति मिनिट या मापात असेल तर 28 ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. काही उत्पादक त्याऐवजी पिस्टनच्या हालचालीवरून काढलेला आकडा देतात. लहान यंत्रातून प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. म्हणून विक्रेत्याला ‘प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा किती?’ असे स्पष्ट विचारावे.

सोपे गणित

टायरची पोकळी लिटरमध्ये घ्यावी, तिला वाढवायच्या पाउंडांनी गुणावे व 15 ने भागावे. उत्तर म्हणजे लागणारी बाहेरची हवा, लिटरमध्ये. स्थूलमानाने पुढील अंदाज धरता येतील :

• मोटारसायकल, पोकळी 8 लिटर, वाढ 10 पाउंड : सुमारे 5 लिटर
• कार, पोकळी 30 लिटर, वाढ 8 पाउंड : 16 लिटर
• ट्रॅक्टरचे मागील टायर (13.6-28), पोकळी 200 लिटर, वाढ 8 पाउंड : सुमारे 107 लिटर
• ट्रॉलीचे टायर (9.00-16), पोकळी 80 लिटर, वाढ 15 पाउंड : 80 लिटर

रानातून रस्त्यावर येताना ट्रॅक्टरची दोन मागील टायर आणि ट्रॉलीची चार टायर भरायची असतील, तर एकूण 534 लिटर हवा लागेल. मिनिटाला 20 लिटर देणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाला यासाठी सुमारे 27 मिनिटे लागतात. परंतु असे पंप दहा-पंधरा मिनिटांनी तापतात व त्यांना तितकीच विश्रांती द्यावी लागते. मिनिटाला 70 लिटर देणारे यंत्र हेच काम आठ मिनिटांत करते. पहाटे निघायची घाई असलेला माणूस पाऊण तास थांबत नाही. तो हवा न भरताच निघतो. म्हणून यंत्राचा वेग ही येथे चैनीची बाब नाही.

मागील टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असल्यास गणित बदलते. तीन चतुर्थांश पाणी असेल तर हवेची जागा 200 ऐवजी 50 लिटरच उरते. तेवढ्याच वाढीस 27 लिटर हवा पुरते आणि दाब झपाट्याने चढतो. अशा वेळी व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणून थोडी थोडी हवा भरावी व वारंवार मोजावे.

कोणी कोणते यंत्र घ्यावे?

घरी केवळ दुचाकी व कार असल्यास 12 व्होल्टचा छोटा पंप किंवा चांगला पायपंप पुरेसा आहे. 12 व्होल्टचा पंप 10 ते 15 अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडणे उत्तम, आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवावे.

ट्रॅक्टर व ट्रॉली असल्यास 1 अश्वशक्तीचा, एकटप्पी, 50 लिटर टाकीचा विजेवरील कॉम्प्रेसर बहुतेक घरांना योग्य ठरतो. टाकीतील दाब 120 वरून 60 पाउंडांवर येईपर्यंत वरील सूत्रानेच 200 लिटर हवा मिळते. उरलेली यंत्र भरत राहते. याहून मोठे यंत्र गॅरेज चालवणाऱ्यासच परवडते.

खरेदीपूर्वी घरची वीज तपासावी. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. संध्याकाळी व्होल्टेज पडत असलेल्या वस्तीत ती सुरूच होत नाही किंवा जळते. तारा पुरेशा जाड व जमिनीशी जोडणी पक्की असावी. यंत्र थांबताच दाबाच्या स्वयंचलित बटणातून फुस्स आवाजाने अडकलेली हवा सुटली पाहिजे. ती न सुटल्यास पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते.

गेजवर मात्र कंजुषी करू नये. 0 ते 150 पाउंडांच्या तबकडीवर 12 आणि 16 यांतील फरक नीट दिसत नाही. ट्रॅक्टरसाठी कमी पल्ल्याचा वेगळा गेज घ्यावा. मोजणी टायर थंड असतानाच करावी.

सुरक्षितता

• हवेतील बाष्प टाकीत पाणी होऊन साचते व टाकी आतून गंजते. पिरियापट्टणसारख्या पावसाळी दमट भागात रोज, इतरत्र प्रत्येक वापरानंतर, तळाचा कॉक उघडून पाणी काढावे.
• सुरक्षा व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून पाहावी. तो कधीही बंद वा बांधून ठेवू नये. गंजलेल्या टाकीला डाग मारून वापरू नये.
• हवा भरताना टायरसमोर न राहता बाजूला उभे राहावे. लांब नळी व चिमट्याचे तोंड वापरावे.
• ट्रॅक्टरचे टायर रिमवर बसवताना दाब 35 पाउंडांच्या वर नेऊ नये. तोवर कडा बसली नाही तर हवा सोडून, कडेला साबणपाणी लावून पुन्हा प्रयत्न करावा.
• टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग करू नये किंवा ती तापवू नये.
• दाबाच्या हवेने अंगावरील धूळ झटकू नये. मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नये.

थोडक्यात, आधी घरातील सर्वांत मोठ्या टायरचे गणित मांडावे, नंतर यंत्राची मिनिटाची हवा पाहावी आणि शेवटी किंमत. टायर व ट्रॉलीच्या पुस्तिकांतील शेतातला आणि रस्त्यावरचा असे दोन दाब ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगाने लिहून ठेवावेत. रानात उतरण्यापूर्वी एकदा व रस्त्यावर चढण्यापूर्वी एकदा त्या आकड्यांकडे पाहून हवा जुळवण्याची सवय लागली, तर कॉम्प्रेसरवर केलेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.