टोके जुळली म्हणजे रेषा जोडली असे नव्हे

पूर्वी पाटी रंगविणाऱ्याचा ब्रश जिथे फिरेल तिथे रेषा आपोआप जुळत असे. आता वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडेही पाट्या, स्टिकर आणि लाकडी जाळीचे काम संगणक व कटिंग मशीनवर होऊ लागले आहे, आणि मशीनला नजर नसते. पडद्यावर दोन रेषांची टोके चिकटलेली दिसतात म्हणून कारागीर फाईल मशीनवर चढवतो. माल वाया गेल्यावर कळते की त्या रेषा जोडलेल्याच नव्हत्या.

समजा, गिऱ्हाईकाने झरोक्यात बसविण्यासाठी अष्टकोनी तुकडा मागितला. आपण आठ रेषा काढून आकार पुरा केला. आपल्या डोळ्यांना तो एक आकार. कोरल ड्रॉच्या हिशेबी त्या आठ सुट्या वस्तू. राउटरला बंद आकार मिळाला तरच आतली बाजू कोणती, बाहेरची कोणती हे त्याला ठरवता येते व तो बिटाच्या निम्म्या जाडीइतका बाहेरून फिरतो. सुट्या रेषा दिल्या तर बिट रेषेवरूनच चालतो. ६ मिलिमीटरचा बिट असेल तर दोन्ही बाजूंनी ३-३, म्हणजे तुकडा ६ मिलिमीटर लहान. झरोक्यात तो खुळखुळणार आणि पैसे कापले जाणार आपले. व्हिनाईलमध्ये दुखणे वेगळे: प्रत्येक टोकाला पाते उचलले जाते, कोपरा नीट सुटत नाही आणि जादा पट्टी सोलताना अक्षर फाटते.

परीक्षा सोपी आहे. आकारात रंग भरून पाहावा. कोरल ड्रॉच्या नेहमीच्या सेटिंगवर उघड्या आकारात रंग दिसत नाही.

जोडण्यासाठी सर्व रेषा निवडून आधी ‘कम्बाईन’ करावे (कंट्रोल व एल). ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग जोडणीचे बटण चालत नाही म्हणून वैतागतात. नंतर शेप टूल (एफ १०) घेऊन एका कोपऱ्यातील दोन्ही नोड चौकटीत पकडावेत व वरच्या पट्टीतील ‘जॉईन टू नोड्स’ दाबावे. नोड जागेवरच राहायला हवे असतील तर ‘एक्स्टेंड कर्व्ह टू क्लोज’ घ्यावे. ते मधली फट सरळ रेषेने भरते. कोपरे पुष्कळ असतील तर नव्या आवृत्त्यांत ‘जॉईन कर्व्हज’ आहे. त्यात किती फटीपर्यंत जोडायचे तो आकडा नक्षीतील सर्वांत अरुंद जागेपेक्षा लहानच ठेवावा, नाहीतर भलतीच टोके एकत्र येतात. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम कंट्रोल व जे करते. इंकस्केप तर मोफत मिळते. त्यात कंट्रोल व के, मग नोड पकडून शिफ्ट व जे.

जाळीच्या नक्षीत एका बिंदूवर चार-चार रेषा येतात. तिथे नोड जोडत बसू नये. रेषेला पट्टीइतकी जाडी द्यावी, ‘कन्व्हर्ट आउटलाईन टू ऑब्जेक्ट’ करावे (कंट्रोल, शिफ्ट व क्यू) आणि सर्व पट्ट्या निवडून ‘वेल्ड’ करावे. बंद आकार आपोआप तयार होतात.

वेल्डची खरी गरज देवनागरी पाट्यांना आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्यांचे काम वाढले, तशी बिघडलेली पाटीही जास्त दिसू लागली. कारण शिरोरेघ. पुष्कळ फाँटांत शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. कागदावर ते दिसत नाही, पण प्लॉटर प्रत्येक जोडावर चीर पाडतो. उन्हात ती चीर उकलते. म्हणून अक्षरे सुटी करून वेल्ड करावीत. कर्व्ह केल्यानंतर सुटी केली असतील तर ‘ब’, ‘व’ यांच्या पोटातली पोकळी वेगळी होते. ती बाजूला ठेवावी व शेवटी ‘ट्रिम’ने कापून घ्यावी.

दुसऱ्याकडून आलेल्या फाईलमध्ये एकावर एक दोन रेषा असण्याचाही संभव असतो. वायरफ्रेम दृश्यातही त्या एकच भासतात, पण मशीन तीच जागा दोनदा कापते. शंका आल्यास रेष पकडून थोडी बाजूला ओढावी. खाली दुसरी निघाली तर पुसून टाकावी, आणि मगच पत्रा किंवा प्लाय मशीनवर ठेवावा.