शिटी कमी, संघनायक जास्त

स्काऊटचं पथक बहुतेक शाळांत कोणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. जूनच्या वेळापत्रकात नव्याने रुजू झालेल्या सरांच्या नावापुढे ‘स्काऊट’ लिहिलं जातं आणि पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पाचवीपासून नववीपर्यंतची बत्तीस मुलं समोर उभी राहतात. उस्मानपुऱ्यासारख्या दाट वस्तीत शाळेला मिळतं ते मैदान बेताचं, आणि भिंतीपलीकडे रिक्षांचे हॉर्न. त्यावर आवाज चढवून शिस्त लावायला गेलात तर दिवाळीपर्यंत घसा बसेल, शिस्त बसणार नाही. पुढची कृती अशा सरांसाठी आहे. गाईडच्या बाईंनाही ती जवळपास तशीच चालेल.

साहित्य: एक शिटी, एक दोनशे पानी वही, चार संघध्वज आणि आणखी एक मोठं माणूस. यातली शेवटची गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड, म्हणून सुरुवात तिथून.

१. आधी मोठ्यांची शिस्त

पथकासोबत कायम दोन मोठी माणसं हवीत. दुसरे एखादे सर, वर्कशॉप सुटल्यावर येऊ शकणारे पालक, जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकणारा जुना स्काऊट, कोणीही चालेल. पण त्याची ओळख आणि पत्ता शाळेत नोंदवलेला असावा आणि मुख्याध्यापकांची लेखी संमती असावी. एक मोठा आणि एक मूल असे दोघेच बंद खोलीत, गाडीवर किंवा तंबूत राहणार नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी स्वतःला लावून घ्या. मुलाशी एकट्याने बोलायचं असेल तर व्हरांड्यात बोला. कोणाला ऐकू जाऊ नये, पण सगळ्यांना दिसावं. मुलांना खासगी मेसेज पाठवायचे नाहीत. ग्रुप पालकांचा करा आणि सूचना तिथेच टाका.

हे वाचून काहींना राग येतो. ‘आमच्यावर संशय घेता का?’ असं विचारतात. संशयाचा प्रश्नच नाही. मुलाचं रक्षण करणारा हा नियम तुमचंही रक्षण करतो. ज्याला तो जाचक वाटतो त्याला पथकाबरोबर मुक्कामी नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारत स्काऊट्स आणि गाईड्सचं बेसिक प्रशिक्षण झालं नसेल तर जिल्हा कार्यालयातून पुढच्या शिबिराची तारीख घ्या. गाठी आणि तंबू पुस्तकातून शिकता येतात, पण मुलांच्या हाती कारभार देऊन आपण मागे कसं राहायचं हे शिबिरात स्वतः संघात बसल्याशिवाय कळत नाही.

२. संघ पाडणं

हजेरीपटाच्या क्रमाने संघ पाडू नका, उंचीनेही नको. प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या आणि त्यावर कोणाबरोबर राहायला आवडेल अशी दोन नावं लिहायला सांगा. त्यातलं निदान एक नाव प्रत्येकाला मिळेल असं बघून आठ-आठचे चार संघ करा. प्रत्येक संघात एक-दोन मोठी मुलं आणि दोन-तीन लहान असावीत. एका गल्लीचा एक संघ मात्र होऊ देऊ नका. पीर बाजार एकीकडे आणि ज्योतीनगर दुसरीकडे असं झालं की खेळाच्या नावाखाली वेगळीच मॅच सुरू होते. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा वीसेक मुलांचे चार संघ केले होते, आणि त्यांत महागड्या निवासी शाळांतली मुलं कामगारवस्तीतल्या मुलांबरोबर मुद्दाम मिसळली होती.

संघनायक संघाने निवडावा आणि तुम्ही मान्यता द्यावी. वर्गाचा मॉनिटर शक्यतो टाळा. त्याला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची सवय असते, आणि संघनायकाला नेमकं तेच करायचं नसतं. ‘सगळ्यात दांडगट पोराला नायक करा, आपोआप सुधारेल’ हा स्टाफरूममधला आवडता सल्ला आहे. तो ऐकू नका. एकाला सुधारण्यासाठी बाकीच्या सातांना वेठीला धरणं बरोबर नाही. त्याला आधी सामानाची जबाबदारी द्या. दोऱ्या मोजून परत येतात का ते बघा, मग पुढचं ठरवा.

३. नायकांची तयारी

पहिला महिनाभर तुमचा खरा वर्ग या चौघांचा आणि त्यांच्या उपनायकांचा. शुक्रवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास त्यांना थांबवा आणि शनिवारी सगळ्यांना शिकवायचं ते त्यांना आदल्या दिवशीच शिकवा. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, प्रथमोपचाराची पट्टी. शनिवारी तुम्ही बाजूला उभे राहायचं आणि गाठ नायकाने शिकवायची. आठवीतल्या मुलाचं सहावीतली मुलं ऐकतात ती त्याच्या खिशावरच्या पट्ट्यांमुळे नव्हे. त्याला काहीतरी येतं आणि तो ते हात धरून शिकवतो, म्हणून.

शिटीचे संकेत याच वेळी पक्के करा. एक लांब शिटी: सगळे जागच्या जागी गप्प. छोट्या-छोट्या सलग शिट्या: जमा व्हा. तीन छोट्या आणि एक लांब: फक्त संघनायक माझ्याकडे या. या तिसऱ्या संकेतावर अख्खी पद्धत उभी आहे. बत्तीस जणांना एकदम काही सांगायचं नसतंच. चौघांना बोलवा, हळू आवाजात सांगा आणि परत पाठवा.

तपासणीचंही तसंच. नखं, स्कार्फ, बूट नायक तपासेल. तुम्ही नायकाला तपासा. एखाद्या संघात गडबड दिसली तर त्या मुलाला हाक मारू नका, नायकाला बाजूला घेऊन विचारा. पहिले काही आठवडे हे फार संथ वाटेल. शेजारच्या मैदानावरचे पी.टी.चे सर एका आरोळीत रांग लावतील आणि तुमच्याकडे बघून हसतील. हसू द्या.

४. नियम आणि मानसभा

संघनायक, उपनायक आणि पथकनायक असला तर तो, यांची बैठक म्हणजे मानसभा. अध्यक्षपद मुलाकडे असतं, तुम्ही सल्लागार म्हणून बसता. पहिल्या बैठकीत तीन-चारच नियम त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. ‘उशीर झाला तर संघाला कळवायचं’, ‘एकट्याने कुठे जायचं नाही’, ‘मोबाईल पिशवीत’ असे. स्काऊटच्या नऊ नियमांत शिस्त आहेच, पण ती शनिवारी साडेअकराला कशी दिसते हे मुलांनीच ठरवलेलं बरं.

५. चूक घडली तर

इथे घाई करू नका. शिक्षा काय द्यायची हा प्रश्न नंतरचा. आधी ही बाब मुलांची की मोठ्यांची, ते ठरवा.

उशीर, विसरलेला स्कार्फ, न घासलेलं ताट, खेळातली रडारड, कामचुकारपणा या मुलांच्या बाबी. आधी नायक बोलेल. तेवढ्याने भागलं नाही तर संघसभा आणि त्यानंतर मानसभा. मानसभेत त्या मुलाचं म्हणणं आधी ऐकायचं, त्याच्या नायकाचं नंतर. मुलांनी सुचवलेली शिक्षा बहुतेकदा तुमच्यापेक्षा कडक असते. ती सौम्य करणं एवढंच तुमचं काम. नियम असा: जे बिघडलं ते दुरुस्त करायचं. दोरी कापली असेल तर टोकं बांधून द्यायची, ताट टाकलं असेल तर पुढच्या वेळी भांड्यांची पाळी त्याची. निकाल वहीत लिहा, आणि विषय संपला. पुढच्या शनिवारी कोणी त्याची आठवण काढायची नाही, तुम्हीही नाही.

मारामारीत जखम, चोरी, गुटख्याची पुडी, चाकू, जातीवरून किंवा धर्मावरून शिवी, लहान मुलाला सतत छळणं, नको असलेला स्पर्श या मोठ्यांच्या बाबी. त्या मानसभेत नेऊ नका. चौदा वर्षांच्या मुलांना न्यायाधीश करायचं हे ठिकाण नाही. दोन्ही मोठ्यांनी मिळून मुलांना वेगळं करा, कोण काय म्हणालं ते त्याच दिवशी लिहा, मुख्याध्यापक आणि पालकांना कळवा. लैंगिक छळाची नुसती शंका आली तरी शाळेतल्या शाळेत मिटवायचा अधिकार तुम्हाला नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता काय करायचं नाही ते. उठाबशा, कोंबडा, उन्हात उभं करणं, मैदानाला फेऱ्या, जेवण थांबवणं, सगळ्यांदेखत स्कार्फ काढून घेणं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. ‘थोडंसं’ चालतं अशी सवलत त्यात नाही. आणखी एक शिक्षा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही: ‘सोपानाच्या कार्डावर सही करणार नाही’ ही धमकी. (सोपान म्हणजे स्काऊटच्या प्रगतीची पायरी.) गाठ आली असेल तर सही द्यायची, नसेल आली तर नाही. मुलगा काल उर्मटपणे बोलला याचा तिथे संबंध नाही.

६. किल्ल्यावरची परीक्षा

मैदानावरची शिस्त खरी की नुसती रांगेची, हे बाहेर पडल्यावर कळतं. सुरुवातीला जवळची गोगाबाबा टेकडी करा. मग हिवाळ्यात दौलताबाद. सहलीची शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं आधी घ्या. रमजानच्या तारखा बघून दिवस ठरवा. तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि रोजा धरलेल्या मुलाला चढावर नेऊन पाणी पिण्याचा आग्रह करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

किल्ल्यात अंधारीची वाट लागते. काळोख, वळणं, पायऱ्या आणि वर वटवाघळं. इथे तुम्ही सर्वांत पुढे आणि दुसरे मोठे सर्वांत मागे. मधला प्रत्येक संघ अखंड. आत शिरण्यापूर्वी नायकाने डोकी मोजायची, बाहेर पडल्यावर पुन्हा मोजायची आणि ‘आठ’ असं तुम्हाला येऊन सांगायचं. बत्तीस डोकी स्वतः मोजायचा मोह आवरा. गर्दीत ती कधीच जुळत नाहीत. आठ मात्र आठवीतल्या मुलालाही नजरेने कळतात. खंदकाच्या काठाशी, कठडा नसलेल्या तटावर किंवा आग्या माश्यांच्या पोळ्याजवळ मात्र मुलांवर सोपवू नका, मानसभाही नको. तिथे तुमचा शब्द शेवटचा, आणि तो एकदाच सांगायचा. एरवी तुम्ही कमी बोलत असाल तरच तो ऐकला जाईल.

हे जमलं तर नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत सेवा द्यायला हरकत नाही. चुकलेली मुलं, रांगा, पाणी. फक्त जोडीने, आणि दिवसाउजेडी.

७. पालक

पालक दोन प्रकारचे येतात. ‘सर, जरा चोप द्या, घरी ऐकत नाही’ म्हणणारे आणि ‘माझ्या मुलाला ताटं का घासायला लावली?’ विचारणारे. दोघांनाही एका शनिवारी मैदानाच्या कडेला बसवून घ्या, तासभर बघू द्या. भाषण नको. पहिल्याला एवढंच सांगा की मारायची परवानगी त्याला देता येत नाही आणि तुम्हाला घेता येत नाही. दुसऱ्याला भांड्यांच्या पाळीचा तक्ता दाखवा, ज्यात आज कोणाच्यातरी घरचा दुसरा मुलगा आहे.

दोन मोठ्यांचे मतभेद मुलांसमोर काढू नका. सहायकाने एखाद्याला ओरडून बसवलं आणि तुम्हाला ते पटलं नाही, तर तिथे गप्प बसा आणि पथक गेल्यावर बोला. हात उगारला तर मात्र तिथल्या तिथे थांबवा.

८. नायक चुकला तर

चुकणारच. एखादा दादागिरी करतो, एखादा सगळं स्वतः करून मोकळा होतो. लगेच पद काढू नका. शुक्रवारच्या अर्ध्या तासात त्याला विचारा की या आठवड्यात संघातल्या सगळ्यात लहान मुलाने काय केलं. उत्तर येत नसेल तर पुढच्या शनिवारी त्याच मुलाला एक गाठ शिकवण्याचं काम त्याला द्या. सत्र संपेपर्यंत बदल दिसला नाही तर दिवाळीनंतर संघाला पुन्हा निवडू द्या. पायउतार झालेल्याला सामानाच्या खोलीची किल्ली द्या. नव्या नायकाला तंबूच्या खुंट्या मोजून देणं हे त्याचं काम.