ठराव आणि ओंजळ

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरी ठराव कागदावरच राहिला. लोकांची भीती खोटी नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह पाणी प्यायलेल्या सत्याग्रहींवर त्याच दिवशी हल्ले झाले. परंतु या भीतीच्याही तळाशी एक समजूत रुजवलेली होती : हे पाणी आपले नव्हेच. ती ठरावाने नव्हे, ओंजळीने सुटली. मनाच्या अशा बंधनांना धम्मात ‘संयोजन’ म्हणतात.

वसतिगृह, शिष्यवृत्ती हे आजचे ठराव. तरी नववीतील एखादी मुलगी म्हणतेच, ‘गणित आपल्यासाठी नाही.’ आम्ही तिला फळ्यापाशी बोलावून खडू हाती देतो. उत्तर चुकले, तरी खडू परत घेत नाही.