शिखर कधी, हे विचारू नका

पार्ल्यात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यातली बरीच वर्षं एचआयव्हीवर काम करणाऱ्या एका संस्थेला आकडेवारीत मदत करत होते, आणि तीच उदाहरणं बीएस्सीच्या वर्गात फळ्यावर मांडत होते. २०२०मध्ये कोविड आला तेव्हा मात्र सगळं पार्लंच विद्यार्थी झालं. गॅलरीतून, फोनवरून, दुधाच्या रांगेतून एकच प्रश्न यायचा : ‘मॅडम, शिखर कधी?’ साथीचं मॉडेल या प्रश्नासाठी नसतंच. कुठे हात घातला तर किती फरक पडेल, एवढं सांगायला ते असतं. हे ज्या गोष्टींतून उमगत गेलं, त्या इथे मांडते.

१. रेघ जुळली म्हणजे कारण सापडलं असं नाही

साथीच्या गणिताचा कुठलाही अभ्यासक्रम १९२७ सालच्या एका शोधनिबंधापाशी येतोच. लेखक केरमॅक आणि मॅकेंड्रिक. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा संचालक राहिलेला. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गमावलेला. त्यांच्या निबंधात प्रत्यक्ष साथीचा जो आलेख आहे, तो आपल्या मुंबईचा : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, प्लेगने दर आठवड्याला गेलेली माणसं. ऐन भरात आठवड्याला ९००च्या आसपास. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि त्यातून सुटलेले (बरे होऊन किंवा मरून) असे तीन गट धरून काढलेली रेघ या ठिपक्यांवर इतकी चपखल बसते की वर्गातली मुलं खूश होतात.

मग मी विचारते, यात उंदीर कुठे आहे? गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. समीकरणात तो माणसाकडून माणसाला जातो. मुंबईतला प्लेग थंडी सरताना चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा. समीकरणाने मात्र त्या उताराचं श्रेय ‘लागण होण्याजोगी माणसं कमी झाली’ याला दिलं, तेही जवळजवळ १० लाख वस्तीच्या शहरात. लेखकांनी स्वतःच आपली गृहीतकं काटेकोर पाळली जात नाहीत असं बजावलं होतं. वाचणारे ते वाक्य गाळतात. सुबक आलेख समोर आला की पहिला प्रश्न हा : हीच रेघ दुसऱ्या कुठल्या कारणाने निघू शकते?

२. तीन संख्यांचा गुणाकार पाठ करा

एक बाधित माणूस सरासरी किती जणांना लागण देतो, हा साथीचा कणा. तो तीन गोष्टींचा गुणाकार असतो : एका संपर्कात लागण होण्याची शक्यता, संपर्कांचा वेग, आणि माणूस किती काळ संसर्ग देऊ शकतो तो काळ. गोवराचा काळ जेमतेम आठवडाभराचा, पण पहिल्या दोन संख्या प्रचंड. एचआयव्हीचं उलट : एका संबंधातून लागण होण्याची शक्यता थोडी, पण औषध नसेल तर काळ दहा-दहा वर्षांचा.

फळ्यावरचं, सोयीचे आकडे घेतलेलं उदाहरण : एका जोडीदाराला लागण होण्याची शक्यता १० टक्के, वर्षाला २ नवे जोडीदार, १० वर्षं. गुणाकार २, साथ वाढणार. कंडोममुळे शक्यता निम्मी झाली तर गुणाकार १, साथ काठावर. लवकर तपासणी आणि लगेच औषधं सुरू करून १० वर्षांची २ केली, तर ०.४. साथ विझते.

तिसरी संख्या अशी खाली आणता येते, हे २०११मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं. ९ देशांतली १,७६३ जोडपी, त्यांत पुणे आणि चेन्नईचीही. लवकर औषधं घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. भारतात २०१७पासून रक्तातल्या सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या) पेशी किती आहेत हे न बघता प्रत्येक बाधिताला औषधं देण्याचं धोरण आलं, त्यामागे हाच गुणाकार आहे.

३. रोगाला सरासरी दिसत नाही

१०० माणसं घ्या. ९० जणांना वर्षाला १ नवा जोडीदार, १० जणांना २०. सरासरी २.९. पण रोग सरासरीवरून चालत नाही. ज्याचे संपर्क जास्त, त्याला लागण होण्याची शक्यताही जास्त आणि तो ती पुढे देणारही जास्त जणांना. म्हणून संपर्कांच्या वर्गांची सरासरी काढून तिला साध्या सरासरीने भागावं लागतं. ४०.९ भागिले २.९, म्हणजे सुमारे १४. आपल्याला ३ दिसतात तिथे रोगाला १४ दिसतात. त्या १० जणांपर्यंत पोचलात, तर उरलेल्या ९० जणांचंही रक्षण होतं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, ट्रकचालक यांच्यातूनच पिअर एज्युकेटर तयार करायचे, ही टीआयची (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या कार्यक्रमाची) सगळी आखणी या भागाकारावर उभी आहे.

कोविडनेही तेच दाखवलं. जुलै २०२०मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्तातली प्रतिपिंडं तपासली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, बाहेर १६ टक्के. आमच्याकडे जुहू स्कीमचे बंगले आणि नेहरूनगर यांच्यात चालत जाण्याइतकं अंतर. दोन्हींची मिळून एक सरासरी काढली, तर ती दोन्हीकडे खोटी.

४. आधी विचारा, मोजलं कोणाला?

सप्टेंबर २००२मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर परिषदेने अंदाज वर्तवला की २०१०पर्यंत भारतात २ ते २.५ कोटी लोक एचआयव्हीबाधित असतील. २००६पर्यंत आपला सरकारी अंदाज ५२ लाखांचा होता. २००७मध्ये तो एकदम २५ लाखांवर आला. तेवढ्यात साथ निम्मी झाली नव्हती. आधीचे आकडे प्रामुख्याने सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्यावरून काढले जात. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा दवाखान्यातला नमुना म्हणजे देश नव्हे, हे उघड झालं.

प्रश्न कधी विचारला, यानेही उत्तर बदलतं. आठवड्याला किती गिऱ्हाईकं, हा देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठीच्या आमच्या प्रश्नावलीतला एक रकाना. फॉर्म भरून घेणारी पिअर बाई एकदा म्हणाली, ‘मॅडम, पगाराच्या आठवड्यात विचारलंत तर एक येईल, महिनाअखेरीला विचारलंत तर दुसरंच. तुम्हाला कुठलं पाहिजे?’ त्यानंतर मी कुठल्याही सर्वेक्षणात आधी तारीख बघते.

५. तोच आकडा, अर्थ वेगळा

एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा अंदाज २००७मध्ये २५ लाख होता आणि २०२३मध्येही २५ लाखांच्याच घरात. म्हणजे एवढ्या वर्षांत काहीच झालं नाही? आकडा एक असला तरी साथ एक नाही. नव्या लागणी २०१० ते २०२३ या काळात सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्या, आणि औषधं मिळाल्याने माणसं जगू लागली. टाकीतलं पाणी नळ आणि गळती या दोन्हींवर ठरतं. इथे नळ बारीक झाला आणि मरणाची गळतीही. एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राची, रांग लांबली की लोक हळहळतात. त्या रांगेतली कितीतरी माणसं औषधांशिवाय आज नसती.

६. ‘हे बदलणार नाही’ असं कोण म्हणतंय, ते बघा

प्रत्येक मॉडेलमध्ये काही गोष्टी स्थिर धरतात. २००० साली औषधांची किंमत तशी धरली जायची : माणशी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर. मग गरीब देशांनी उपचाराचा विचारच कशाला करायचा? फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्याच सिप्लाचे युसुफ हमीद यांनी एकत्र घ्यायची तिन्ही औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलर असा देकार दिला. १ एप्रिल २००४पासून भारतात सरकारी केंद्रांतून औषधं मोफत मिळू लागली, आणि पहिल्या केंद्रांत जे. जे. रुग्णालय होतं. कालपर्यंत ज्या आकड्याला हात लावायचा नाही असं सगळे म्हणत होते, तोच सगळ्यांत जास्त हलला.

७. सगळे डास मारावे लागत नाहीत

हे रोनाल्ड रॉसचं गणित. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढतो हे त्याने १८९७मध्ये सिकंदराबादेत दाखवलं. पुढे त्याने मांडलं की डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली, तर मलेरिया आपोआप ओसरतो. शेवटचा डास शोधत बसायला नको. मॅकेंड्रिकला साथीच्या गणिताची गोडी लावणारा हाच रॉस.

दर जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या सभेत कोणीतरी म्हणतं, ‘शेजारची बिल्डिंग काही करत नाही, मग आपण करून काय उपयोग?’ उपयोग असतो. गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट लावलं, आणि कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, बाटलीतलं मनीप्लांट या तीन ठिकाणचं पाणी दर आठवड्याला ओतलं तर मर्यादा गाठायला मदत होते. ‘पूर्ण जमत नाही म्हणून काहीच नको’ हे साथीच्या बाबतीत तरी चुकीचं गणित आहे.

८. धाक घातला की गुणाकार वाढतो

ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या प्लेग रुग्णालयावर हल्ला केला. सक्तीने उचलून नेतात, या भीतीने घरोघरी आजारी माणसं लपवली जात आणि मृत्यू दुसऱ्याच तापाच्या नावावर नोंदले जात. १८९८च्या मार्चमध्ये घरझडतीवरून शहरात दंगल झाली.

यातून शिकायला आपल्याला फार वेळ लागला. १९८९मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला, केवळ एचआयव्ही आढळला म्हणून, ६४ दिवस डांबून ठेवलं. पुढे त्यानेच ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली. १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की काम करण्याजोग्या माणसाला फक्त एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. तो खटला अर्जदाराचं नाव गुप्त ठेवून चालला. संमतीशिवाय तपासणी नाही आणि कोणाचा अहवाल उघड करायचा नाही, हे सांगणारा केंद्राचा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे.

ही निव्वळ माणुसकीची बाब आहे असं समजणाऱ्यांना मी दुसऱ्या मुद्द्यातला फळा पुन्हा दाखवते. तपासून लगेच औषध घेणाऱ्याचा गुणाकार ०.४, लपलेल्याचा २. भीतीने निम्मे लोक लपले, तर सरासरी १.२. औषध तेच, डॉक्टर तेच, आणि साथ पुन्हा वाढू लागते. ती १च्या खाली आणायची, तर या उदाहरणात दर १०० बाधितांपैकी किमान ६३ जणांनी आपण होऊन तपासणीला यायला हवं. ते येतील की नाही, हे तपासणी केंद्राच्या खिडकीवरचा माणूस त्यांच्याशी कसा बोलतो आणि शेजारपाजारी काय कुजबुज होते, यावर ठरतं. शिखर कधी असं कोणी विचारलं, की मी त्यांना हा ६३चा आकडा सांगते. तो गाठायचं काम त्यांच्याही हातात आहे.